खटक्याची पेने, चार रंगांची पेने, यांत्रिक पेन्सिली : टोक बाहेर काढणे आणि ते धरून ठेवणे

तिरपा दाता (धागालेखक)

खटक्याच्या पेनाविषयी बोलणे निघाले की चर्चा बहुधा खटक्याभोवतीच फिरते. आवाज कसा येतो, दाबायला जड आहे की हलका, किती वर्षे टिकेल, हेच प्रश्न विचारले जातात. माझ्या मते वरच्या टोकाचा हा प्रश्न सत्तर वर्षांपूर्वीच बऱ्यापैकी सुटला. खरी अडचण खालच्या टोकाला आहे, जिथून रिफिल बाहेर येते त्या भोकापाशी. जी वस्तू आत-बाहेर करायची तिला सरकायला फट लागते, आणि लिहायला बसल्यावर तीच फट नकोशी होते. पेन एका रिफिलचे असो, चार रंगांचे असो किंवा शिसे पुढे सरकवणारी पेन्सिल असो, प्रत्येक रचनाकाराला या तंट्याचा निवाडा करावा लागतो. कोणी तो कसा केला आहे, हे इथे तपशिलाने मांडावे, अशी विनंती आहे. सुरुवात मी करतो.

साध्या खटक्याच्या पेनात, रिफिल आणि स्प्रिंग सोडली तर, काम करणारे भाग तीनच असतात. अंगठ्याखाली येतो तो दट्ट्या. त्याची खालची कड दातेरी असते. त्याच्याखाली, रिफिलच्या मागच्या टोकावर बसणारी फिरकी. तिच्या अंगावर काही उभे पंख असतात आणि त्यांची वरची टोके तिरपी कापलेली असतात. तिसरा भाग म्हणजे नळीच्या आतल्या भिंतीवरच्या उभ्या पट्ट्या, ज्यांची खालची टोके तशीच तिरपी असतात. या पट्ट्यांमध्ये एकाआड एक खोल पन्हळ आणि उथळ खाच अशी मांडणी असते.

दट्ट्या दाबला की फिरकी खाली जाते, पण पंख पन्हळीत अडकलेले असेपर्यंत तिला फिरता येत नाही. पंख पट्ट्यांच्या खाली उतरले की ही अडवणूक संपते. खालून स्प्रिंग वर रेटत असते, वरून दट्ट्याचे तिरपे दाते दाबत असतात, आणि दट्ट्या स्वतः पन्हळीत अडकलेला असल्यामुळे फिरू शकत नाही; मग फिरकीच घसरून थोडीशी फिरते. आपण अंगठा उचलतो तेव्हा तिचे पंख वर येतात, पण आता त्यांच्या वाट्याला पुढच्या पट्टीचे तिरपे टोक येते. त्यावरून घसरत फिरकी आणखी थोडी फिरते आणि उथळ खाचेत थांबते. रिफिल बाहेर राहिली. पुन्हा दाबले की हाच क्रम होतो, फक्त या वेळी पंखांसमोर खोल पन्हळ येते आणि स्प्रिंग रिफिलला थेट आत नेते. एकाच दिशेचा, एकाच जोराचा दाब दोन वेगळी कामे करतो, आणि त्यासाठी खास वेगळा भाग एकही लागत नाही. इतक्या कमी वस्तूंत इतका नेमका विचार बसवलेली रचना रोजच्या वापरात फारशी आढळत नाही, असे मला मनापासून वाटते.

१९५४ साली आलेल्या पार्कर जॉटरने या फिरण्याचा आणखी एक उपयोग करून घेतला. प्रत्येक खटक्याला रिफिल पाव फेरा फिरते, अशी त्याची रचना होती. आपण पेन बहुधा एकाच पद्धतीने धरतो; त्यामुळे गोळीभोवतीची पितळी कड एकाच बाजूने झिजते आणि शाई गळू लागते. रिफिल फिरत राहिली तर झीज सगळीकडे वाटली जाते. पार्कर पद्धतीची कोणतीही रिफिल हातात घेऊन तिचे मागचे प्लॅस्टिकचे बूच पाहा. त्याच्या कडेला खाचा असतात, आणि यंत्रणा तिथेच पकड घेऊन रिफिल फिरवते. पुढे १९५७ मध्ये याच पेनात टंगस्टन कार्बाइडची, किंचित खरबरीत पृष्ठभागाची गोळी आली.

मापाड्या

मी प्लॅस्टिकच्या साच्यांच्या टूलरूममध्ये काम करतो, त्यामुळे खालच्या भोकाबद्दल थोडे लिहितो. पेनाचे निमुळते तोंड प्लॅस्टिकचे असले तर ते साच्यातून निघाल्यावर थंड होताना आकसते, आणि जिथे भिंत जाड तिथे जास्त आकसते. त्यामुळे भोक अगदी नेमक्या मापाचे ठेवण्याची हमी देणे कठीण जाते. धातूचे तोंड लेथवर कातून काढले तर भोक अधिक नेमके मिळते, म्हणून चांगल्या पेनांचे फक्त तोंड धातूचे ठेवण्याची पद्धत आहे. ते केवळ चकाकीसाठी नसते.

तरीही भोक टिपेच्या मापाला पूर्ण चिकटवता येत नाही, कारण पेन बनवणारा आणि पुढे रिफिल विकणारा हे अनेकदा वेगळे असतात. रिफिलींची प्रमाणित मापे आहेत: बहुरंगी पेनांत जाणारी छोटी धातूची रिफिल ६७ मिलिमीटर लांब आणि २.३५ मिलिमीटर व्यासाची असते, तर पार्कर पद्धतीची सुमारे ९८ मिलिमीटर लांब असते. पण प्रमाण ठरले म्हणून प्रत्येक उत्पादकाची टिप हुबेहूब तेवढीच येत नाही. सगळ्यांच्या रिफिली सुखाने जाव्यात असे वाटत असेल तर भोक थोडे सैल ठेवावेच लागते. म्हणून सर्वांना चालणारे पेन थोडे हलते, आणि न हलणारे पेन बहुधा स्वतःच्याच कंपनीची रिफिल मागते.

फिरकीबद्दल एक पुस्ती. फिरकी बहुतेकदा अॅसिटल जातीच्या प्लॅस्टिकची असते, कारण ते मुळात निसरडे आणि झिजायला चिवट असते. नळी मात्र वेगळ्या प्लॅस्टिकची असते. एकाच जातीचे दोन भाग एकमेकांवर घासले तर अनेकदा लवकर खराब होतात. खटका अडकायचा बंद झाला, म्हणजे दाबल्यावर रिफिल बाहेर राहतच नाही अशी वेळ आली, तर पंखांच्या तिरप्या टोकांची धार गोल झाली आहे असे समजावे. त्यावर दुरुस्ती नाही.

तिरपा दाता

मापाड्या, आपण मांडलेला मुद्दाच या धाग्याचा गाभा आहे. याच्याशी जुळणारे एक उदाहरण देतो. २०१८ मध्ये जपानच्या झेब्रा कंपनीने ब्लेन नावाचे पेन आणले. त्यात लिहिण्याचे नवे काही नव्हते. सगळी मेहनत हलणे आणि खडखडणे थांबवण्यावर होती. रिफिलच्या टोकाला तोंडापाशीच आतून आधार दिला, वजन खाली आणले आणि वरच्या खटक्याचा सैलपणाही काढून टाकला. एखाद्या मोठ्या कंपनीला केवळ फट बुजवण्यासाठी नवे पेन काढावेसे वाटले, यावरून तो प्रश्न किती खरा आहे हे कळते.

घरगुती उपाय म्हणून टिपेच्या मागच्या भागाला पातळ चिकटपट्टीचा एक वेढा देतात. त्याने हलणे थांबते. मात्र वेढा दुहेरी झाला की स्प्रिंगला रिफिल मागे ओढणे जमत नाही, आणि टोक उघडेच राहून खिसा खराब होतो. पट्टी अगदी कमी रुंदीची आणि एकेरीच हवी.

चौरंगी

चार रंगांच्या पेनाबद्दल दोन प्रश्न आहेत. एक रंग बाहेर असताना दुसरी कळ दाबली की पहिला आपोआप आत कसा जातो? आणि दुसरा प्रश्न असा की, महाग पेन घेतले तरी चार रंगांचे पेन एका रंगाच्या पेनाइतके स्थिर का वाटत नाही? मी उत्तरपत्रिका तपासण्याच्या कामात असे पेन सतत वापरते, आणि तिसऱ्या-चौथ्या पेनानंतरही हा अनुभव बदललेला नाही.

तिरपा दाता

चौरंगीताई, दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते भूमितीत आहे आणि पैशाने सुटणारे नाही. चार रिफिली नळीच्या भिंतीलगत चार बाजूंना उभ्या असतात, आणि भोक मात्र मधोमध एकच असते. कोणतीही रिफिल बाहेर यायची तर तिला भिंतीपासून मध्याकडे वाकावे लागते. पेनाचे तोंड उघडून, वरची कळ हळूहळू दाबत हे पाहिले तर रिफिलची नळी धनुष्यासारखी वाकलेली स्पष्ट दिसते. टिप भोकातून किंचित तिरकी बाहेर येते; तिला तिरके जाता यावे म्हणून भोक टिपेपेक्षा मोठे ठेवावे लागते; आणि चार बाजूंनी येणाऱ्या चार रिफिलींना ते पुरले पाहिजे. म्हणजे मापाड्या यांनी सांगितलेली सैल फट इथे दुपटीने लागते. पेन जितके जाड तितके हे वाकणे जास्त, आणि पेन बारीक करावे तर रिफिली बारीक होऊन शाई कमी मावते.

आता कळींबद्दल. बिक कंपनीचे चार रंगांचे पेन १९७० मध्ये आले. या पद्धतीच्या पेनांत प्रत्येक रिफिलला स्वतःची स्प्रिंग आणि स्वतःची सरकती कळ असते. कळ खाली गेली की तिचा खांदा आतल्या एका कडेखाली अडकतो आणि स्प्रिंगला तिला वर नेता येत नाही. दुसरी कळ खाली उतरू लागली की तिचा आतल्या बाजूचा उंचवटा मधल्या मोकळ्या जागेत शिरतो आणि अडकलेल्या कळीला बाजूला सारून तिचा खांदा कडेखालून सोडवतो. म्हणूनच पहिला रंग आत परत जाण्याचा आवाज दुसरी कळ पूर्ण खाली पोचण्याआधीच येतो. दोन कळी एकदम दाबून दोन्ही रंग बाहेर काढण्याचा खेळ सगळ्यांनी शाळेत केला असेल; त्यात दोन्ही खांदे एकमेकांच्या आड येतात आणि दोन्ही टिपा त्या एका भोकाशी झटापट करतात. वारंवार तसे केल्यास टिपेची कड दुखावते.

कळीला दोन पर्याय आहेत. पहिला पिळाचा: आत एक तिरपे कापलेले नळकांडे फिरते, रिफिलींचे मागचे टोक त्याच्या उतारावर टेकलेले असते, आणि उताराचे सर्वांत खालचे ठिकाण ज्या रिफिलवर येईल ती बाहेर निघते. ही रचना शांत आणि टिकाऊ असते, पण निळ्यावरून लाल रंगावर जाताना मधला काळा ओलांडूनच जावे लागते. दुसरा पर्याय लोलकाचा, आणि तो मला सर्वांत सुंदर वाटतो. या पेनाला बाहेरून एकच खटका असतो. पेन आडवे धरायचे, हव्या त्या रंगाची खूण वर आपल्याकडे करायची आणि खटका दाबायचा. आत लोंबणारे छोटे वजन गुरुत्वाकर्षणाने आपल्या जागी कलते आणि दट्ट्याला नेमक्या त्याच रिफिलच्या मागे नेऊन उभे करते. रॉटरिंगसारख्या जर्मन कंपन्यांनी ही रचना चांगली रुळवली. पेन उभे धरून दाबले तर कोणता रंग येईल याची खात्री नसते, म्हणून नव्या माणसाला ते बिघडल्यासारखे वाटते.

आरेखन

पेन्सिलीची बाजू मी मांडतो. पदविकेपासून आरेखनाचेच काम करतो. पेनाचा खटका रिफिल दोन ठिकाणी थांबवतो, पण पेन्सिलीच्या खटक्याला शिशाची कांडी थोडी थोडी पुढे द्यायची असते आणि लिहिताना ती मागे जाऊ द्यायची नसते. यासाठी आत तीन फाकांचा पितळी चिमटा असतो आणि त्याच्यावर घट्ट बसणारी एक कडी. कडीच्या आत असेपर्यंत चिमटा मिटलेला. खटका दाबला की चिमटा, कडी आणि शिसे एकत्रच पुढे जातात. थोडे अंतर गेल्यावर कडी आतल्या कडेला अडते, चिमटा मात्र पुढे जातो, कडीतून बाहेर आल्यामुळे उघडतो आणि शिसे सोडतो. खटका सोडल्यावर चिमटा मागे येऊ लागतो. या क्षणी शिसेही त्याच्याबरोबर मागे आले असते, पण टोकाच्या नळीत रबराचा एक बारीक तुकडा असतो आणि तो शिशाला पुढे गेलेल्या जागी धरून ठेवतो. चिमटा रिकामाच मागे येतो आणि कडीत शिरताना शिशाला नव्या जागी पकडतो. पेन्सिल उलटी धरून खटका दाबून ठेवल्यावर शिसे आपोआप घरंगळत असेल, तर तो रबराचा तुकडा झिजला किंवा हरवला आहे.

धाग्याच्या मूळ मुद्द्याशी याचा संबंध असा की ०.५ चे शिसे प्रत्यक्षात ०.५ मिलिमीटर नसते. प्रमाणानुसार ते ०.५५ ते ०.५८ च्या दरम्यान असते, आणि नळीचे छिद्र त्या मापाला धरून करावे लागते. इथली फट फार कमी ठेवता येते, कारण शिसे कोणत्याही कंपनीचे असले तरी मापाची शिस्त पाळली जाते. म्हणून स्थिर नळीची आरेखनाची पेन्सिल टोकाशी जितकी घट्ट वाटते, तितके कोणतेही खटक्याचे पेन वाटत नाही. पट्टीच्या कडेला टेकवून रेघ मारायची तर सुमारे ४ मिलिमीटरची सरळ, न हलणारी नळी हवीच. खिशात टोचू नये म्हणून नळी आत ओढून घेणाऱ्या पेन्सिली निघाल्या, पण नळी सरकती झाली की फट परत आली.

मोडीवाचक

आरेखन यांनी लिहिलेल्या पेन्सिलीनंतर कुरू टोगा येणे ओघाचे आहे. मित्सुबिशी पेन्सिल कंपनीने ती २००८ मध्ये आणली. लिहिताना शिसे एका बाजूने झिजून छिन्नीसारखे होते, रेघ जाड होते आणि तो तिरपा कोपरा तुटतो. यावर उपाय म्हणून शिसेच फिरवायचे. त्यासाठी लागणारे बळ आपल्या हाताचेच घेतले आहे. टोक कागदावर टेकले की शिसे किंचित वर रेटले जाते, चिमट्याला जोडलेली दातेरी चकती वरच्या दात्यांत बसते आणि थोडी फिरते. हात उचलला की स्प्रिंग तिला खाली आणते, खालचे दाते अर्ध्या दात्याने सरकवून ठेवलेले असतात, त्यामुळे ती त्याच दिशेने पुन्हा फिरते. एका टेकण्या-उचलण्यात ९ अंश, म्हणजे चाळीस वेळा हात उचलला की एक फेरा पूर्ण.

आता लिपीचा विचार करा. ही रचना जपानी लिपीसाठी झाली, जिथे एका अक्षरात अनेक तुटक रेघा असतात. इंग्रजीच्या अक्षरे जोडून लिहिण्याच्या वळणात संपूर्ण शब्द हात न उचलता लिहिला जातो, म्हणून तिथे फेरा फार हळू पूर्ण होतो. आपली देवनागरी या बाबतीत जपानीच्या जवळची आहे. काना, वेलांटी, मात्रा, अनुस्वार आणि शेवटी शिरोरेखा या प्रत्येकासाठी हात उचलावा लागतो. ‘मराठी’ हा शब्द सुट्या वळणात लिहिताना सात-आठ वेळा हात सहज उचलला जातो, म्हणजे अशा पाच-सहा शब्दांत शिशाचा एक फेरा होतो. उलट मोडीत आधी ओळभर रेघ ओढून पुढे हात शक्य तितका न उचलता लिहिण्याची रीत होती. मी मोडीचा सराव या पेन्सिलीने करतो तेव्हा शिसे एका बाजूने घासलेले स्पष्ट दिसते. मोडीसाठी साधी ०.७ ची पेन्सिल मला अधिक बरी वाटते.

तिरपा दाता

फारच मोलाची माहिती. याला माझ्या मुद्द्याची एक जोड देतो. शिसे वर-खाली हलल्याशिवाय चकती फिरणार नाही, म्हणून कुरू टोगात टोक किंचित दबणे हा दोष नसून यंत्रणेची किंमतच आहे. ज्यांना ते दबणे नको, त्यांच्यासाठी पेन्टेलच्या ओरेन्झचा मार्ग आहे. त्यात ०.२ मिलिमीटरचे शिसेही वापरता येते, कारण शिसे नळीबाहेर काढायचेच नाही. नळीच कागदाला टेकते आणि शिसे झिजेल तशी मागे सरकते. २०१७ च्या ओरेन्झ नेरोमध्ये तर खटकाही वारंवार लागत नाही. हात उचलला की नळीची स्प्रिंग तिला पुढे ढकलते, नळी घर्षणाने शिसे बरोबर ओढते, आणि आतला गोळ्यांचा चिमटा शिशाला पुढे जाऊ देतो, मागे येऊ देत नाही.

रात्रपाळी

मी रुग्णालयात परिचारिका आहे. एका हाताने उघडणारे पेनच आम्हाला चालते. जेलची खटक्याची पेने टोपणाशिवाय वाळत कशी नाहीत? आणि मग शाईचे, निबचे पेन खटक्याचे का मिळत नाही?

तिरपा दाता

साध्या बॉलपेनाची शाई तेलकट आणि घट्ट असते, म्हणून उघडी राहिली तरी चालते. जेलची शाई पाण्याची. तिच्या अनेक रिफिलींत गोळीच्या मागे एक केसासारखी बारीक स्प्रिंग असते; ती गोळीला पितळी कडेवर दाबून तोंड बंद ठेवते आणि लिहिताना कागदाच्या दाबाने गोळी मागे सरकली तरच शाई सुटते. मागच्या बाजूला दिसणारा पारदर्शक चिकट थर शाईला मागून वाळू देत नाही आणि शाई संपेल तसा तिच्या मागोमाग पुढे येतो.

निबचे खटक्याचे पेन मिळते. पायलट कंपनीचे कॅपलेस १९६३ पासून आहे. निबला गोळीसारखे झाकण नसते, म्हणून तोंडाशी एक छोटी झडप बसवली आहे. निब पुढे येताना झडप उघडते आणि निब आत गेली की स्प्रिंगने मिटते. खिशाची क्लिपही निबच्या बाजूला आहे, त्यामुळे खिशात निब वर राहते. लिहिताना बोटांच्या मध्ये ती क्लिप येते, हे काहींना आवडते आणि काहींना मुळीच सोसत नाही, म्हणून विकत घेण्यापूर्वी धरून पाहावे. रात्रपाळीच्या धावपळीत मात्र मी ते सुचवणार नाही. उघडे राहिले तर खिसा गेलाच.

मापाड्या

रात्रपाळी यांच्या गरजेसाठी आणखी दोन रचना सांगाव्याशा वाटतात. फिशरच्या एजी-७ या अवकाशपेनात, जे १९६८ मध्ये अपोलो ७ बरोबर गेले, वरून दाबल्यावर टोक बाहेर येते आणि बाजूचे वेगळे बटण दाबल्यावरच आत जाते. त्यामुळे चुकून वरचा खटका दाबला गेल्याने टोक आत जात नाही. दुसरी रचना लॅमीच्या स्विफ्टची: टोक बाहेर असेपर्यंत क्लिप पेनाच्या अंगात बसून जाते, म्हणजे उघडे पेन खिशाला अडकवताच येत नाही. गणवेशाच्या पांढऱ्या खिशाला ही दुसरी जास्त उपयोगी पडेल.

चौरंगी

उष्णतेने पुसता येणाऱ्या शाईच्या खटक्याच्या पेनात क्लिपच दाबावी लागते, ते याच कारणासाठी का?

तिरपा दाता

नाही. पायलटच्या फ्रिक्सियनमध्ये मागच्या टोकाला खोडण्याचे रबर असते. रबर कागदावर दाबून घासायचे असते, आणि तोच भाग खटकाही असता तर खोडताना टोक आत-बाहेर झाले असते. म्हणून खटका क्लिपवर नेला आहे. घर्षणाने सुमारे ६० अंशांपर्यंत तापल्यावर शाईचा रंग जातो, तेव्हा जोर लावून घासणे अपरिहार्यच आहे. चार रंग अधिक पेन्सिल अशा पेनांतही क्लिपचाच उपयोग केलेला असतो: क्लिप खाली सरकवली की पेन्सिल बाहेर येते, आणि तीच पुन्हा दाबत राहिले की शिसे पुढे सरकते. आपल्या तपासणीच्या कामाला तसे पेन घ्यायचे असेल, तर आतला पेन्सिलीचा भाग ०.५ चा आहे हे पाहून घ्या आणि शिसे भरताना एका वेळी दोनच कांड्या घाला. तिथे जागा इतकी अरुंद असते की तिसरी कांडी बहुधा चिमट्याच्या तोंडाशी आडवी येते.